एका आडनावाची तीन रूपे: खानदेशातील एका परिचारिकेच्या ब्रिटनमधील नोंदणीचे प्रकरण

यावल तालुक्यातील एका केळी पिकवणाऱ्या गावात वाढलेली, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आणि २०१६ मध्ये साडेतीन वर्षांचा जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, हा अभ्यासक्रम पूर्ण केलेली एक परिचारिका जुलै २०२३ मध्ये ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या, म्हणजे एनएमसीच्या, नोंदवहीत दाखल झाली. परदेशी जायचे ठरल्यापासून या नोंदीपर्यंत दोन वर्षे गेली. या दोन वर्षांत तिचे नर्सिंगचे ज्ञान कमी पडल्यामुळे काम अडले, असे एकदाही झाले नाही. मग ते कशामुळे अडत गेले, याचा हा वृत्तान्त आहे. जळगावात ती माझी विद्यार्थिनी होती आणि पुढे तिच्या कागदपत्रांची फाइल बहुतांश माझ्याच टेबलावर तयार झाली, त्यामुळे तिचा उल्लेख एकेरी केला आहे. नाव, गाव आणि रुग्णालय मुद्दाम दिलेले नाही.

२०२१ च्या मध्यावर, करोनाची दुसरी लाट ओसरल्यानंतर, ती जळगावातील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करत होती. पगार दरमहा १४,००० रुपये, रात्रपाळीला सहा खाटांमागे एक परिचारिका, आणि नेमणूकपत्र नाही. पती भुसावळला नोकरीस आणि मुलगी दोन वर्षांची होती. देश निवडताना आम्ही चार पर्याय पाहिले. जर्मनीत जर्मन भाषेची बी-२ पातळी गाठावी लागते आणि त्यासाठी वर्षभर तरी शिकवणी हवी. अमेरिकेत परिचारिकांच्या परवान्याची एनसीएलईएक्स ही परीक्षा तिने दिलीही असती, पण त्यानंतर व्हिसाची रांग काही वर्षांची होती. ऑस्ट्रेलियात परदेशी शिक्षणाची तुलना पदवीशी होते आणि जीएनएम ही पदविका आहे, त्यामुळे पोस्ट बेसिक बीएस्सी केल्याशिवाय तो रस्ता जवळजवळ बंद होता. ब्रिटनमध्ये मात्र २०१९ पासून एनएमसी अभ्यासक्रमाच्या तासांचा हिशेब मागत बसत नाही. आपल्या देशातील परिषदेकडे नोंदणी आहे का आणि ती निष्कलंक आहे का, एवढे पाहून उरलेले सर्व एनएमसी आपल्या परीक्षांवर सोपवते. महाराष्ट्रातील जीएनएम परिचारिकांना हा मार्ग सोयीचा वाटतो तो याच कारणाने.

पहिली चूक एजंटाकडे जाण्याची झाली. एका ओळखीच्या ओळखीतून भेटलेल्या एजंटाने सर्व मिळून अडीच लाख रुपये सांगितले, ४०,००० रुपये आगाऊ घेतले आणि मूळ प्रमाणपत्रे आपल्याकडे ठेवण्याची अट घातली. सासऱ्यांनी त्यास साफ नकार दिला. «पोरीचे सर्टिफिकेट म्हणजे आमच्या शेताचा सातबारा आहे, तो कोणाच्या कपाटात राहणार नाही,» असे ते म्हणाले, आणि या सबंध प्रकरणातील सर्वांत शहाणा निर्णय मी तोच मानते. भारतात नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, आणि ब्रिटनच्या आरोग्य विभागाची आचारसंहिता तर उमेदवाराकडून भरतीचे शुल्क घेण्यालाच मनाई करते, हे आम्हाला नंतर वाचून कळले. ते ४०,००० रुपये परत आले नाहीत. मात्र त्या एजंटाने पैशांपेक्षा मोठे नुकसान केले ते एका वाक्याने: «सगळ्या कागदांवर नाव एकसारखे पाहिजे, नाहीतर फाइल रिजेक्ट.»

तिचे खरे आडनाव येथे देत नाही. उदाहरणापुरते माहेरचे आडनाव चौधरी धरू. दहावीच्या गुणपत्रिकेवर ते इंग्रजीत ‘सी-एच-ए-यू’ असे सुरू होऊन ‘आय’ने संपते. जीएनएमच्या पदविकेवर ‘सी-एच-ओ-यू’ने सुरू होऊन ‘वाय’ने संपते, आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी पदविकेवरून झाल्यामुळे तेथेही तेच. शाळेच्या कागदांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. २०१८ मध्ये लग्न झाले आणि २०१९ मध्ये पासपोर्ट निघाला तो पतीच्या नावाने आणि सासरच्या आडनावाने. आपल्याकडे लग्नानंतर बाईच्या नावाचे तीनपैकी दोन शब्द बदलतात आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. पण ज्या परदेशी कारकुनाने महाराष्ट्र पाहिलेला नाही, त्याच्यापुढे पदविका एका बाईची आणि पासपोर्ट दुसऱ्याच बाईचा येतो.

एजंटाचे वाक्य प्रमाण मानून तिने दहावीपासूनचे सर्व कागद एका स्पेलिंगवर आणायला घेतले. प्रतिज्ञापत्र झाले, राजपत्रात नावबदलाची जाहिरात झाली, शाळेत तीन खेपा झाल्या आणि चार महिने गेले. वास्तविक एनएमसीला दहावीची गुणपत्रिका नकोच होती. एनएमसीला हवा होता पासपोर्ट, परिषदेने परस्पर पाठवायचा नोंदणीचा पडताळा, आणि या दोहोंवरील नावे वेगळी असल्यास त्यांना जोडणारा विवाह प्रमाणपत्राचा एक दुवा. हे आम्ही नियमावली शांतपणे वाचल्यावर समजले. एकच अडचण खरी निघाली, आणि ती अगदी घरगुती होती. ग्रामपंचायतीने दिलेले विवाह प्रमाणपत्र मराठीत होते, त्यावर ‘चौधरी’ हे देवनागरीत निर्दोष लिहिलेले होते, पण कोर्टाजवळच्या भाषांतरकाराने इंग्रजी करताना आपल्या मनाचे तिसरेच स्पेलिंग घातले. दुवा जोडणारा कागद अशा रीतीने दोन्ही टोकांना जुळेना. तो पुन्हा पदविकेबरहुकूम भाषांतरित करून घेण्यास एक दिवस आणि काहीशे रुपये लागले. कोणता कागद कोणाला हवा आहे हे आधी न ठरवता सगळेच कागद दुरुस्त करायला निघणे, ही चूक मी त्यानंतर आणखी तीन-चार मुलींच्या बाबतीत पाहिली आहे.

परिषदेच्या नोंदणीचे पाच वर्षांनी करायचे नूतनीकरणही राहून गेले होते. करोनाच्या काळात तिला कार्यशाळांना जाता आले नव्हते, त्यामुळे निरंतर शिक्षणाचे गुण गोळा करण्यात आणखी सहा आठवडे गेले. नोंदणी चालू नसेल तर पडताळ्याला अर्थ राहत नाही, म्हणून हे काम टाळता येण्यासारखे नव्हते.

भाषेच्या परीक्षेविषयी जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण येथे चूक माझी होती. एनएमसी आयईएलटीएस ॲकॅडमिक आणि खास आरोग्यसेवकांसाठी असलेली ओईटी या इंग्रजीच्या दोन्ही परीक्षा मान्य करते. आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषण यांत ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात. ओईटीमध्ये पहिल्या तिन्हींत ‘बी’ आणि लेखनात ‘सी प्लस’. आयईएलटीएसचे शुल्क तेव्हा सुमारे १५,००० रुपये होते आणि ओईटीचे ५८७ ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे त्याच्या दुपटीहून अधिक. मी तिला स्वस्त परीक्षा सुचवली. आयईएलटीएसच्या लेखनात एखाद्या आलेखाचे वर्णन आणि सार्वजनिक प्रश्नावरील निबंध लिहायचा असतो. ओईटीमध्ये परिचारिकेने रुग्णाची माहिती देणारे पत्र लिहायचे असते. जिने पाच वर्षे रुग्ण सोपवले आहेत तिला पत्र सुचते. शहरांनी मोटारींवर बंदी घालावी काय, यावर अडीचशे शब्द सुचत नाहीत, आणि ते मराठीतही सुचले नसते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये पुण्याला दिलेल्या पहिल्या परीक्षेत तिला श्रवणात ७.५, वाचनात ७, संभाषणात ७ आणि लेखनात ६ गुण मिळाले. मार्च २०२२ मध्ये लेखन ६.५ वर आले, पण संभाषण ६.५ वर घसरले. दोन परीक्षांचे गुण एकत्र धरण्याची सोय एनएमसीने ठेवलेली होती; परंतु तेव्हाच्या नियमानुसार दोन्ही वेळा कोणत्याही विभागात ६.५ पेक्षा कमी गुण असून चालत नसे, आणि पहिल्या वेळचे लेखनाचे ६ तेथे आडवे आले. जुलै २०२२ मध्ये तिसऱ्या खेपेस ती उत्तीर्ण झाली. तीन परीक्षांचे शुल्क, पुण्याच्या फेऱ्या आणि बुडालेल्या पाळ्या धरल्यास ओईटी एकदा देणे स्वस्त पडले असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये एनएमसीने नियम सैल केला: गुण एकत्र करताना प्रत्येक विभागात अपेक्षेपेक्षा अर्धा गुण कमी चालेल आणि दोन परीक्षांमधील अंतर सहाऐवजी बारा महिन्यांपर्यंत असू शकेल. त्या नियमाने तिचे काम पहिल्या दोन परीक्षांतच झाले असते. हा बदल लागू झाला त्याच महिन्यात ती विमानात बसली.

त्यामानाने संगणकावरील परीक्षा, जिला सर्वजण सीबीटी म्हणतात, ती किरकोळ गेली. मुंबईच्या केंद्रात ऑक्टोबर २०२२ मध्ये तिने अंकगणिताचे १५ आणि नर्सिंगचे १०० प्रश्न एकाच दिवशी सोडवले. मिनिटाला किती थेंब, हा हिशेब ती रोज रात्री करतच होती. अर्जाच्या छाननीचे १४० पौंड आणि सीबीटीचे ८३ पौंड तिने स्वतः भरले. त्यासाठी गावच्या पतसंस्थेत मंगळसूत्र सोडून बाकीचे सोने तारण ठेवले. पुढे इंग्लंडमधील एका सरकारी रुग्णालयाने मुलाखत घेऊन नोकरी दिली आणि प्रवास, व्हिसा व ऑस्की या प्रात्यक्षिक परीक्षेचे पहिले शुल्क आपल्याकडे घेतले. त्यांना अनुभवाचे पत्र हवे होते. नेमणूकपत्रच नसलेल्या नोकरीचे अनुभवपत्र मिळवण्यासाठी तिला जुन्या मेट्रन मॅडमच्या घरी दोनदा जावे लागले, एवढाच त्यातला तपशील नोंदवते.

ऑस्की ब्रिटनमध्येच द्यावी लागते. व्हिसाच्या अटीनुसार नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत पहिला प्रयत्न आणि आठ महिन्यांत नोंदणी व्हावी लागते, आणि एका अर्जावर तीनच प्रयत्न मिळतात. ऑगस्ट २०२१ पासून या परीक्षेत दहा स्थानके, म्हणजे दहा वेगवेगळ्या चाचण्या, आहेत. चार स्थानकांत एकाच रुग्णाची तपासणी, काळजीचे नियोजन, औषध देणे आणि मूल्यमापन. चार स्थानकांत इंजेक्शन, जखमेची शुश्रूषा, हृदय-श्वसन पुनरुज्जीवन अशी कौशल्ये. आणि उरलेल्या दोन स्थानकांत काहीही न बोलता फक्त लिहायचे.

निघण्यापूर्वी जानेवारीत तिने घरी सराव केला. तो एकदा पाहण्यासाठी मी मुद्दाम गेले होते. ओट्यावरच्या खाटेवर नणंद रुग्ण म्हणून आडवी पडलेली, तिच्या मनगटावर लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा पट्टा दोऱ्याने बांधलेला, त्यावर नाव, जन्मतारीख आणि रुग्ण क्रमांक. तिने हात धुण्याचा अभिनय केला, खाटेजवळ आली, नणंदेच्या कपाळावर हात ठेवला आणि सवयीने खानदेशी बोलीत म्हणाली, «आते कसं वाटस, माय?» मग एकदम थांबली. मी घड्याळ लावून बसले होते. स्वतःची ओळख, रुग्णाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल हा प्रश्न, संमती, पडदा ओढणे, नाव आणि जन्मतारीख रुग्णाच्या तोंडून ऐकून पट्ट्याशी ताडणे, ॲलर्जी विचारणे, यांपैकी काहीच झाले नव्हते. त्या एका वाक्यात आणि कपाळावरच्या हातात ताप, श्वास, शुद्ध आणि धीर हे चारही तिने पाहून घेतले होते, याविषयी मला शंका नाही. परीक्षकाला मात्र जे ऐकू आले आणि दिसले तेवढ्याचेच गुण देता येतात. ही अडचण समजून घेतली तर आपल्या चांगल्या परिचारिका तेथे पहिल्या खेपेस का अडखळतात, हे कळते. गर्दीच्या वॉर्डात उत्तम काम म्हणजे न बोलता, झटपट आणि एकाच वेळी तिघांचे केलेले काम; ऑस्कीत तेच काम सुटे करून, एकेक पायरी उच्चारून दाखवायचे असते.

एप्रिल २०२३ मधील पहिल्या प्रयत्नात ती दहापैकी आठ स्थानकांत उत्तीर्ण झाली. पुनरुज्जीवनाच्या स्थानकात तिने न चुकता २२२२ हा तेथील रुग्णालयांतील आणीबाणीचा क्रमांक सांगितला, सेल्सिअसमधील तापमान आणि न्यूज-२ हा नाडी, श्वास, रक्तदाब वगैरेंच्या नोंदींचा तक्ताही व्यवस्थित भरला, जरी जळगावात तिची सारी नोकरी फॅरनहाइटमध्ये झाली होती. अडली ती औषधाच्या स्थानकात आणि एका मूक स्थानकात.

औषधाच्या स्थानकात तिने रुग्णाचे नाव विचारले, औषध, मात्रा, वेळ, मार्ग सर्व बरोबर तपासले, परंतु जन्मतारीख मनगटावरच्या पट्ट्याशी ताडून पाहिली नाही. जळगावात तिचे रुग्ण ‘सात नंबरचे बाबा’ आणि ‘खिडकीजवळच्या मावशी’ असत, त्यांच्या उशाशी मुलगा किंवा सून बसलेली असे आणि चुकीच्या माणसाला गोळी द्यायला निघालीच तर ती सून ओरडली असती. आपल्या वॉर्डांत नातेवाईक हीच एक सुरक्षाव्यवस्था आहे. शौचाचे भांडे देणे, भरवणे, अंग पुसणे हेही तेच करतात. तेथे खाटेजवळ कोणी नसते, म्हणून सुनेचे काम पट्ट्याला करावे लागते, आणि अंग पुसण्याचे काम नोंदणीकृत परिचारिकेलाही. या दुसऱ्या गोष्टीने तिला पहिले काही आठवडे अवघडल्यासारखे झाले, हे तिने फोनवर फार उशिरा कबूल केले.

मूक स्थानकातील नेमका प्रसंग उघड करण्यास उमेदवाराला मनाई असते, त्यामुळे तो मला तिनेही सांगितला नाही. त्याच जातीचा, सरावाच्या यादीतला प्रसंग घेऊन पुढचे लिहिते. समजा, आपल्या हातून एका रुग्णाला दुसऱ्याचे औषध गेले, तर काय कराल? तिने सरावाच्या वहीत लिहिले होते: रुग्णाच्या नाडी-रक्तदाबावर लक्ष ठेवीन, डॉक्टरांना कळवीन, इन्चार्ज सिस्टरना सांगेन. तीनही उत्तरे बरोबर आहेत आणि तीनही अपुरी आहेत. झाली ती चूक रुग्णाला स्वतः सांगणे, त्याची क्षमा मागणे, घटनेची लेखी नोंद करणे आणि त्यातून काय शिकलो हे लिहिणे, या अपेक्षा तेथे व्यावसायिक कर्तव्याचा भाग मानल्या जातात. एनएमसी आणि डॉक्टरांची परिषद यांनी २०१५ मध्ये त्यावर संयुक्त मार्गदर्शनही प्रसिद्ध केले आहे. «मॅडम, पेशंटला सांगायचं? आपल्याकडे सांगितलं असतं तर काचा फुटल्या असत्या,» असे ती म्हणाली. ते खोटे नव्हते. चूक कबूल करणाऱ्या परिचारिकेचा पगार कापला गेल्याचे मी स्वतः पाहिले आहे. शिक्षिका म्हणून मीही साडेतीन वर्षांत तिला औषधाचे पाच बरोबर मुद्दे शंभरदा पाठ करून घेतले; चूक झाल्यावर रुग्णाच्या डोळ्यांत पाहून काय बोलायचे, याचा एकही तास घेतला नाही.

सातपर्यंत स्थानके राहिली असतील तर फेरपरीक्षेचे शुल्क निम्मे, म्हणजे ७९४ ऐवजी ३९७ पौंड होते, आणि नापास झालेली स्थानकेच पुन्हा द्यावी लागत. ते पैसे रुग्णालयाने पगारातून हप्त्याने कापून घेतले. नोंदणी होईपर्यंत ती चौथ्या श्रेणीच्या पगारावर होती. २०२३-२४ च्या वेतनश्रेणीत चौथ्या श्रेणीची सुरुवात वर्षाला २५,१४७ पौंडांनी होत होती आणि नोंदणीकृत परिचारिकेच्या पाचव्या श्रेणीची २८,४०७ पौंडांनी. आणखी एक प्रयत्न हुकला असता तर तिसरा आणि शेवटचा उरला असता. ती रोज रात्री भाड्याच्या खोलीत उशीला पट्टा बांधून मोठ्याने सराव करत असे, आणि भिंतीपलीकडच्या केरळच्या मुलीने एके दिवशी दार वाजवून, मी रुग्ण बनते, उशीला सोड, असे सांगितल्यानंतर दोघी मिळून करू लागल्या. रुग्णालयातील प्रशिक्षण विभागाने जे आठ आठवड्यांत शिकवले, त्यापेक्षा या शेजारणीकडून ती अधिक शिकली असावी, असे मला तिच्या बोलण्यावरून वाटते.

जूनमध्ये दोन्ही स्थानके निघाली, नोंदणीचे १५३ पौंड भरले गेले आणि जुलैमध्ये तिला पिन, म्हणजे नोंदणी क्रमांक, मिळाला. पतसंस्थेतील सोने त्यानंतर सात महिन्यांनी सुटले. पती आणि मुलगी २०२४ मध्ये तिकडे गेली.

तेथे दरवर्षी शुल्क भरून नोंदणी चालू ठेवायची आणि दर तीन वर्षांनी ४५० तास कामाचा व ३५ तास शिक्षणाचा हिशेब द्यायचा, हे तिने आता अंगवळणी पाडले आहे. इकडची नोंदणीही तिला सोडायची नाही, कारण सासू-सासरे थकले तर परत यावे लागेल, हे घरात बोललेले आहे. नूतनीकरणाचा अर्ज भरण्यासाठी परवा तिचा फोन आला. पहिल्याच रकान्याशी ती थांबली होती. «मॅडम, नाव कोणतं लिहू? पदविकेवरचं, पासपोर्टवरचं, का इथल्या बिल्ल्यावरचं?» बिल्ल्यावर फक्त पहिले नाव आहे. मी तिला पासपोर्टवरचे लिहून सोबत विवाह प्रमाणपत्राचे भाषांतर जोडायला सांगितले, आणि त्यावरचे स्पेलिंग पाठवण्याआधी एकदा मला वाचून दाखव, असेही सांगितले.